मच्छरदाणीचे ठिगळ

सायकलच्या टायरला चीर पडली की काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. आतली ट्यूब धडधाकट असते, हवाही नेमकी भरलेली असते. पण चिरेच्या जागी टायर कमजोर झाल्यामुळे ट्यूब फोडासारखी बाहेर डोकावू लागते. दोष ट्यूबचा नसतो, तिला आवरून धरणाऱ्या भिंतीचा असतो. हर्निया म्हणजे पोटाच्या बाबतीत नेमके हेच. पोटाच्या भिंतीत कुठेतरी फट पडते आणि आतले आतडे, त्याच्यावरच्या आवरणासकट, त्या फटीतून बाहेर येऊन कातडीखाली फुगवटा दिसू लागतो. मराठीत याला ‘अंतर्गळ’ असा जुना शब्द आहे.

खोकताना, ओझे उचलताना, शौचाला जोर करताना पोटातला दाब एकदम वाढतो. पाऱ्याच्या मापात तो शंभर मिलिमीटरच्याही वर जाऊ शकतो. एवढा दाब भिंत सहसा सहन करते, पण ती सगळीकडे सारखी भक्कम नसते. मुलगा पोटात असताना त्याची वृषणे आधी पाठीच्या बाजूला, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमारास जांघेतल्या एका तिरप्या बोगद्यातून खाली उतरतात. त्या बोगद्यातून वीर्यवाहिनी आणि रक्तवाहिन्या आयुष्यभर जात राहणार असल्याने तो पूर्णपणे बुजवता येत नाही. निसर्गाने ठेवलेली ही कच्ची जागा पुष्कळांना नडते. पुरुषांपैकी साधारण चौघांत एकाला जन्मभरात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो. स्त्रियांत हे प्रमाण फार कमी आहे.

सुरुवातीला त्रास बेताचाच असतो. आडवे झाले की फुगवटा आत जातो, उभे राहिले की परत येतो. हमाल, शेतमजूर, गवंडी अशी माणसे लंगोट किंवा पट्टा घट्ट बांधून वर्षानुवर्षे काम रेटतात. मग एखाद्या दिवशी आतडे बाहेर येते आणि फटीत अडकून बसते. फटीच्या कडांनी त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत तो भाग मरू लागतो. वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर माणूस दगावतो. हर्नियावर औषध नाही. गोळीने किंवा व्यायामाने भिंतीची फट बुजत नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि तो वेळेवर, सावकाशीने केला तर साधा व बिनधोक आहे.

म्हणूनच हर्निया ही गरीब देशांतल्या शस्त्रक्रियेची एक चांगली मोजपट्टी आहे. दुखणे सार्वत्रिक, उपाय माहीत असलेला, उपकरणे मोजकी. तरी पूर्व युगांडात एका पाहणीत प्रौढ पुरुषांपैकी शंभरात सहा-सात जणांच्या जांघेत उपचार न झालेला हर्निया सापडला. २०१५ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने जगाचा हिशेब मांडला. त्यानुसार सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नव्हती. वर्षाला होणाऱ्या ३१ कोटींहून अधिक शस्त्रक्रियांपैकी जेमतेम ६ टक्के सर्वांत गरीब देशांत होत होत्या, आणि त्या देशांत जगातली एक तृतीयांशाहून जास्त माणसे राहतात.

असे आकडे वाचले की आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असेच कुणालाही वाटेल. या लेखात आपण एका खऱ्याखुऱ्या ठिगळाची गोष्ट पाहणार आहोत. तिचा एक महत्त्वाचा टप्पा धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा गावी घडला.

ओढून शिवायचे की ठिगळ लावायचे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हर्नियाची शस्त्रक्रिया ही नामुष्कीचीच गोष्ट होती. बधिरीकरण आले, लिस्टरची जंतुनाशक पद्धत आली, रोगी वाचू लागला. पण हर्निया काही महिन्यांत परत उभा राही. इटलीतल्या पाडुआ इथले एदुआर्दो बासिनी यांनी १८८४ पासून नवी पद्धत वापरायला सुरुवात केली. (तरुणपणी, १८६७ साली, रोमजवळच्या लढाईत संगिनीने बासिनी स्वतःच जांघेत जखमी झाले होते. पुढे त्यांनी जांघेचीच शस्त्रक्रिया जगाला शिकवावी हा योगायोगच.) त्यांनी त्या तिरप्या बोगद्याची मागची भिंत थर ओळखून, पुन्हा टाके घालून बांधून काढली. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती तेव्हा दुर्मिळ होती. शस्त्रक्रिया झालेल्या अडीचशेहून अधिक हर्नियांचा त्यांनी नंतर माग ठेवला आणि किती परत आले ते मोजून छापले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली हे रोगी घरी जाताना ठरत नाही, वर्षा-दोन वर्षांनी ठरते, हे त्यातून पक्के झाले.

बासिनींची पद्धत जगभर पसरली, पण शिष्यांच्या हातून गुरूंसारखे निकाल येईनात. कारण समजायला सोपे आहे. जुने धोतर विरून फाटले आणि त्याच्या दोन्ही कडा ओढून शिवल्या तर काय होते? कापडावर ताण येतो, आणि टाक्याशेजारचे विरलेले सूत पुन्हा फाटते. हर्निया झालेल्या माणसाच्या भिंतीचे ऊतक मुळात विरलेलेच असते. त्यालाच ओढून शिवायचे आणि वर रोज खोकल्याचा, ओझ्याचा दाब द्यायचा! टोरंटोच्या शोल्डिस यांनी १९४० च्या दशकात थरांवर थर घालून शिवण्याची पद्धत काढली आणि तिचे निकाल फार चांगले आले, पण ते मुख्यतः तेच काम दिवसरात्र करणाऱ्यांच्या हातून. घरातल्या कुणीही धोतर फाटल्यावर जे केले असते ते शस्त्रवैद्यांना करता येत नव्हते, कारण ठिगळासाठी कापडच नव्हते.

कापडाचा शोध मात्र जुना होता. शरीरातल्या चिवट पडद्यासारखे ऊतक कृत्रिमरीत्या बनवता आले तर हर्नियाचे कोडे सुटेल, असे थोर शस्त्रवैद्य बिलरोथ म्हणत, असे सांगतात. १९०० च्या सुमारास चांदीच्या तारेच्या जाळ्या वापरून झाल्या. पुढे टँटलम धातूच्या जाळ्या आल्या. धातू शरीराला चालतो, पण सतत वाकवत राहिले की तार तुटते. पोटाची भिंत तर दिवसातून हजारो वेळा हलते. तुटलेल्या तारा आत टोचू लागल्या आणि त्या जाळ्या मागे पडल्या.

खरे उत्तर आले ते रसायनशास्त्राकडून, आणि तेही शस्त्रक्रियेशी काहीही संबंध नसताना. १९५३ साली जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी साध्या दाबाखाली इथिलीन वायूच्या रेणूंची लांब, सरळ साखळी जोडण्याची युक्ती शोधली आणि कणखर पॉलिएथिलीन तयार झाले. पुढच्याच वर्षी इटलीत जुलिओ नाट्टा यांनी प्रॉपिलीनपासून पॉलिप्रॉपिलीन बनवले. दोघांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतही फिलिप्स या तेल कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे हेच साधले होते. त्या कंपनीच्या पॉलिएथिलीनच्या धाग्यापासून ह्यूस्टनचे शस्त्रवैद्य फ्रान्सिस अशर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस जाळी विणून घेतली आणि हर्नियावर लावली. जाळी शरीरात टिकली, तिच्या छिद्रांतून नवे ऊतक वाढले आणि ती भिंतीचाच भाग होऊन गेली. काही वर्षांत अशर पॉलिप्रॉपिलीनकडे वळले. त्यामागे एक अगदी व्यावहारिक कारणही होते: पॉलिप्रॉपिलीन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, निर्जंतुक करता येते, पॉलिएथिलीन त्या उष्णतेला मऊ पडते. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे तो परत येणार आहे.

लॉस एंजेलिसच्या लिक्टनस्टाइन यांनी १९८९ साली आपली ‘ताणरहित’ पद्धत प्रसिद्ध केली. कडा ओढायच्याच नाहीत. फटीवर आणि आजूबाजूच्या भिंतीवर पसरट जाळी ठेवून ती जागच्या जागी टाचायची. पंक्चरवाला टायरच्या आतून जुन्या टायरचा तुकडा बसवतो तसे. ही शस्त्रक्रिया तेवढाच भाग बधिर करून करता येते, शिकायला सोपी आहे आणि हर्निया परत येण्याचे प्रमाण तिने पुष्कळ खाली आणले. थोड्याच वर्षांत श्रीमंत देशांत प्रौढांच्या जांघेच्या हर्नियासाठी जाळी हाच रिवाज झाला. (लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना जाळी लागत नाही. उघडी राहिलेली पिशवी बांधून टाकली की काम भागते.)

अडचण एकच होती. हाताच्या पंजापेक्षाही लहान असलेल्या त्या जाळीच्या तुकड्याची किंमत शंभर डॉलरच्या घरात जाई. तालुक्याच्या गावात सगळ्या शस्त्रक्रियेचे बिल त्याहून कमी होत असे.

दोंडाईचा

दोंडाईचा हे शिंदखेडा तालुक्यातले, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे, मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेले गाव. तिथे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी अनेक वर्षे शस्त्रक्रिया केल्या. अशा गावातला शस्त्रवैद्य हा एकाच वेळी बरेच काही असतो: पोटाचा, हाडांचा, बाळंतपणाचा, कधी भूल देणाराही. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांसाठी लिहिलेली पुस्तके त्याला अर्धीच उपयोगी पडतात. अशा लोकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘असोसिएशन ऑफ रूरल सर्जन्स ऑफ इंडिया’ ही संघटना उभी केली. कमी साधनांत चांगली शस्त्रक्रिया कशी करावी, हा तिचा मुख्य विषय. त्या कामात टोणगावकर आघाडीवर होते.

जाळी महाग आहे हे सगळ्यांनाच माहीत होते. टोणगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता: जाळी कशाची बनलेली आहे? पॉलिप्रॉपिलीनची. मग पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन आणखी कशात असते? बादल्यांत, दोऱ्यांत, आणि मच्छरदाणीत. बाजारात मिळणारे मच्छरदाणीचे कापड या दोन बहुवारिकांच्या मिश्र धाग्याचे होते. ते विणलेलेही जवळजवळ तसेच होते. धुऊन, कापून, निर्जंतुक करून त्यांनी ते वापरायला सुरुवात केली. २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये त्यांचा निबंध आला. वेगवेगळ्या ठिकाणच्या शस्त्रवैद्यांनी मिळून साडेतीनशेच्या वर हर्निया या कापडाने दुरुस्त केले होते आणि निकाल महागड्या जाळीइतकेच चांगले दिसत होते. कापडाच्या तुकड्याला पडत होते ते थोडेसे पैसे.

निबंधाच्या शीर्षकात ‘प्राथमिक’ हा शब्द होता आणि तो योग्यच होता. यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, चिठ्ठ्या टाकून विभागणी नव्हती. ज्याने नवी युक्ती काढली त्यानेच तिचे निकाल मोजले की नकळत हात झुकतो. अशा निबंधातून पुढे तपासण्याजोगी एक कल्पना मिळते, आणि तेवढे मिळणेही मोठे असते.

कापड आणि कापड यांतला फरक

इथे थोडे थांबून रसायनशास्त्र पाहू, कारण ‘मच्छरदाणी’ हा शब्द फसवा आहे. दुकानात एकाच नावाखाली निदान तीन-चार प्रकारची कापडे मिळतात आणि शरीरात त्यांचे वागणे निरनिराळे असते.

नायलॉनची मच्छरदाणी घ्या. नायलॉनच्या साखळीत ठराविक अंतराने अमाइड बंध असतात. प्रथिनांतही तोच बंध असतो. पाणी आणि विकरे यांच्या सान्निध्यात हे बंध हळूहळू तुटतात. त्यामुळे शरीरात ठेवलेल्या नायलॉनची ताकद वर्षागणिक कमी होत जाते. पॉलिएथिलीनच्या साखळीत कार्बनला कार्बन आणि बाजूला हायड्रोजन, एवढेच. पाण्याला पकडायला त्यात जागाच नाही. प्लॅस्टिकची पिशवी उकिरड्यावर वर्षानुवर्षे कुजत नाही म्हणून आपण वैतागतो. तोच तिचा हट्टी गुण इथे कामाला येतो.

दुसरा मुद्दा धाग्याचा. काही जाळ्या अनेक बारीक तंतू पिळून केलेल्या धाग्याच्या असतात. तंतूंमधल्या फटी काही सहस्रांश मिलिमीटर रुंदीच्या असतात. जिवाणू साधारण एक सहस्रांश मिलिमीटरचा, तो आत शिरतो. त्याला गिळणारी पांढरी पेशी त्याच्या दहापट किंवा अधिक मोठी, ती बाहेर अडते. चोर बोळात आणि पोलिसाची गाडी रस्त्यावर, असा प्रकार. एकपदरी, माशाच्या गळाच्या दोरीसारख्या धाग्यात असे बोळ नसतात. जाळीची छिद्रे मात्र मोठी हवीत, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नवे ऊतक त्यांतून सहज वाढते. मच्छरदाणीची छिद्रे मिलिमीटरभर किंवा त्याहून मोठी असतात. डासाला अडवणारे हे माप जखमेच्या दृष्टीने प्रशस्त आहे.

तिसरे, कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी या कामी मुळीच चालत नाही. हिवतापाच्या भागात वाटल्या जाणाऱ्या मच्छरदाण्या बहुधा तशाच असतात, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवे. आणि अर्थात कुणीही आपल्या घरची मच्छरदाणी कापून दवाखान्यात न्यावी असा याचा अर्थ नाही.

आता उष्णतेचा मुद्दा. आपल्या घरच्या प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. रुग्णालयाचा ऑटोक्लेव्ह त्याच तत्त्वावर चालतो. त्याच्या दोन नेहमीच्या रीती आहेत: १२१ अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटे, किंवा १३४ अंशांना तीन-चार मिनिटे. घाईच्या ठिकाणी दुसरी रीत सोयीची. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या वर वितळते, त्यामुळे त्याला दोन्ही चालतात. मच्छरदाणीचे पॉलिएथिलीन १२० ते १३० अंशांच्या पट्ट्यात वितळू लागते. १३४ अंशांना ते आकसून जाते. १२१ अंशांना, काटेकोर लक्ष ठेवले तर, शाबूत राहते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे मुद्दाम तपासले. अशर यांना जी अडचण पन्नास वर्षांपूर्वी आली होती तीच ही. किंबहुना, वैद्यकातली पहिली यशस्वी प्लॅस्टिकची जाळी पॉलिएथिलीनचीच होती. मच्छरदाणीचे कापड तिचेच धाकटे, गरीब भावंड म्हणायला हवे.

कल्पनेची परीक्षा

दोंडाईचाची कल्पना आफ्रिकेत गेली. बुर्किना फासोमध्ये ३५ रोग्यांवर नायलॉनच्या मच्छरदाणीची महागड्या जाळीशी तुलना झाली. तो निबंध २००६ मध्ये आला. घानामध्ये ताकोराडी इथे ब्रिटिश शस्त्रवैद्य अँड्र्यू किंग्जनॉर्थ यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑपरेशन हर्निया’ या उपक्रमातून अशा जाळ्या वापरल्या गेल्या. हळूहळू एक ठराविक कापड पुढे आले: भारतात विणलेले, एकपदरी, निव्वळ पॉलिएथिलीनचे, कीटकनाशक न लावलेले.

आता खरी परीक्षा घ्यायची होती. ती पूर्व युगांडात झाली. स्वीडन आणि युगांडाच्या संशोधकांनी जांघेचा हर्निया असलेले ३०२ पुरुष निवडले आणि कुणाला कोणती जाळी हे यदृच्छेने ठरवले. शस्त्रक्रिया त्याच डॉक्टरांनी, त्याच पद्धतीने केल्या. कोणती जाळी बसली हे रोग्याला कळू दिले नाही आणि पुढे तपासणाऱ्यालाही नाही. पत्ता नसलेल्या, रस्ता नसलेल्या गावांतून वर्षभराने रोगी शोधून काढणे हे या कामातले सर्वांत अवघड. त्यांनी शंभरातले पंचाण्णवांहून अधिक शोधले. श्रीमंत देशांतल्या कित्येक चाचण्यांना हे जमत नाही.

निकाल जानेवारी २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एका रोग्याचा हर्निया परत आला, म्हणजे ०.७ टक्का, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. गुंतागुंती अनुक्रमे ३०.८ आणि २९.७ टक्के. हे आकडे पाहून दचकायला होते, पण त्यांत सूज, रक्त साकळणे, दुखणे अशी प्रत्येक बारीकसारीक गोष्ट मोजलेली आहे आणि बहुतेक किरकोळ होत्या. स्वस्त जाळीची किंमत एका डॉलरच्या आसपास, दुसरीची शंभराच्या वर.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना इथे एक प्रश्न घालता येईल. एक विरुद्ध शून्य, मग स्वस्त जाळी वाईट ठरली का? नाही, एवढ्या लहान संख्येत एकाचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. उलट, दोन्ही जाळ्या अगदी सारख्या आहेत हे सिद्ध झाले का? तेही नाही. तीनशे रोग्यांच्या चाचणीतून गणिताने एवढेच म्हणता येते की फरक असलाच तर तो फार तर अडीच टक्क्यांच्या आसपास असेल. आणि हे वर्षभरापुरते. दहा वर्षांनंतर काय, याचे उत्तर एका वर्षाच्या चाचणीत नसते.

गरिबाला मच्छरदाणी, श्रीमंताला जाळी?

हा आक्षेप पहिल्यापासून घेतला गेला आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. जे आपण पैसेवाल्या रोग्याला देणार नाही ते गरिबाला ‘यापेक्षा काही नसण्यापेक्षा बरे’ म्हणून द्यायचे का? माझ्या मते या आक्षेपाचे उत्तर किमतीत सापडत नाही, पुराव्यात सापडते. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ऑरोलॅब काढून मोतीबिंदूनंतर बसवायची भिंगे परदेशी भिंगांच्या किमतीच्या लहानशा अंशात बनवायला सुरुवात केली, तेव्हाही दर्जाबद्दल शंका घेतल्या गेल्या. ती भिंगे पुढे जगभर गेली. स्वस्त म्हणजे हलके, हे समीकरण तपासल्याशिवाय धरता येत नाही.

आणि महाग, मान्यताप्राप्त म्हणजे निर्धोक, हेही. स्त्रियांच्या गर्भाशयाचा किंवा मूत्राशयाचा भाग खाली सरकतो त्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळ्या अमेरिकेत रीतसर परवानगीने विकल्या जात होत्या. कित्येक स्त्रियांना त्यांनी असह्य वेदना दिल्या. हजारो दावे झाले आणि अखेर एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने उरलेल्या जाळ्यांची विक्री थांबवायला सांगितले. त्या जाळ्या बाजारात येताना युगांडासारखी परीक्षा कुणी घेतली नव्हती. जुन्या मान्य जाळ्यांशी त्यांचे साम्य आहे, एवढ्यावर काम भागले होते.

पण कायद्याचा प्रश्न उरतोच. मच्छरदाणीचा कारखाना मच्छरदाणी बनवतो. उद्या त्याने धाग्यात नवा रंग किंवा मऊपणासाठी एखादे रसायन मिसळले तर ते शस्त्रवैद्याला कोण कळवणार? वैद्यकीय जाळीची किंमत निव्वळ प्लॅस्टिकची नसते. प्रत्येक तुकडा मागच्यासारखाच असेल या हमीचीही असते. भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आले आणि एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. मच्छरदाणीचे कापड त्या चौकटीत बसत नाही. शंभर डॉलर आणि एक डॉलर यांच्या मधली, हमी असलेली पण परवडणारी जाळी बनवणे हे कारखानदारांना अशक्य नव्हते. स्वस्त कापडाने निदान एवढे उघडे पाडले की किमतीतला किती भाग धाग्याचा आणि किती बाकीचा.

पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी तर प्रश्न मुळातूनच बदलला: बाहेरचे ठिगळ हवेच कशाला? जांघेच्या समोरच्या भिंतीत एक रुंद, चिवट पडदा असतो. त्याची पट्टी दोन्ही टोकांना जोडलेली ठेवून मागच्या कमजोर भिंतीवर शिवायची. धोतराच्याच पदराचे ठिगळ. त्यांनी ही पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध केली. पोलंडमध्ये २०८ रोग्यांवर लिक्टनस्टाइन पद्धतीशी तिची तुलना झाली. तीन वर्षांत दोन्ही गटांत हर्निया परत येण्याचे प्रमाण १.९ टक्के, म्हणजे दोन-दोन रोगी. युगांडातही तिच्यावर काम झाले आहे. चाचण्या अजून लहान आहेत आणि पडदाच विरलेला असेल तर ही पद्धत चालत नाही. तरी जिथे जाळीच पोचत नाही तिथे तिचे मोल उघड आहे.

जाळी पोचली, तरी ती बसवणारा हात हवा. सिएरा लिओनमध्ये शस्त्रवैद्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथे डॉक्टर नसलेल्या पण शस्त्रक्रियेचे खास प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी केलेल्या जाळीच्या शस्त्रक्रियांची डॉक्टरांनी केलेल्या शस्त्रक्रियांशी तुलना करण्यात आली. त्यातही यदृच्छेनेच विभागणी केलेली होती. २०२१ मध्ये छापलेल्या निकालानुसार वर्षभरात डॉक्टरांच्या गटात ६.९ टक्के रोग्यांचा हर्निया परत आला. प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या गटात ०.९ टक्का, म्हणजे एकच रोगी.